हीट पंपाच्या डॉक्टरीणबाई

आमच्या शेजारच्या कुमुदकाकू हीट पंपाला स्टेथोस्कोप लावतात. खराखुरा. चाळीस वर्षं न्यू जर्सीत डॉक्टरकी केली, निवृत्त झाल्या, पण स्टेथोस्कोप काही निवृत्त झाला नाही. थंडी पडली की जाडजूड पार्का कोट चढवून, पायांत बूट घालून त्या अंगणातल्या त्या लोखंडी पेटाऱ्यापुढे वाकतात आणि डोळे मिटून ऐकत राहतात.

आमची ओळखही त्या पेटाऱ्यामुळेच झाली. आयसेलिनजवळ घर घेतल्यावरचा आमचा पहिला हिवाळा. एका सकाळी हीट पंपाच्या बाहेरच्या युनिटमधून पांढरे लोट निघायला लागले. मी आग आग करत बादली घेऊन धावले, तोच कुंपणापलीकडून आरोळी आली, "पाणी टाकून नको राहू गं! जळून नाही राहिला तो, बर्फ वितळवून राहिला!"

मग त्यांनी मला तिथेच, बर्फात उभं करून शिकवलं. हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. बाहेरच्या गार हवेतूनसुद्धा ऊब ओढून तो घरात आणतो. ते करताना त्याच्या अंगावर बर्फ साचतो. मग मधूनच तो काही मिनिटं थांबून स्वतःला गरम करतो आणि बर्फ वितळवतो. वर दिसते ती नुसती वाफ. "घाबरायचं नाही, बघायचं," असं म्हणून त्या निघून गेल्या. हे वाक्य त्या दिवसातून दहादा म्हणतात. पोस्टमनलाही म्हणतात.

जानेवारीत साताऱ्याहून माझी आई आली आणि त्याच आठवड्यात घर गरम होईना. थर्मोस्टॅटवर सत्तर फॅरनहाइट लावलेलं, आत मात्र बासष्ट. आई दोन स्वेटर घालून सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली. मंदार, माझा नवरा, दर तासाला आकडा वाढवत होता. टेक्निशियन आला, दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "मशीन म्हातारं झालंय. नवीन बसवा."

काकूंना हे कळलं मात्र! "दहा मिनिटांत म्हातारं ठरवून राहिला? मी शहात्तरची आहे, मला ठरवून दाखव म्हणावं!" दुसऱ्या मिनिटाला त्या आमच्या दारात हजर. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात दोन थर्मामीटर आणि एक वही. वहीत वर लिहिलं, 'पेशंट : मंदारचा हीट पंप.'

पहिल्यांदा त्यांनी फिल्टर बाहेर काढला. तो जुन्या गोधडीसारखा दिसत होता. "याला श्वास कुठून येणार बाप्पा?" मग वरच्या मजल्यावर गेल्या. ऊब वाचवायची म्हणून मंदारने रिकाम्या खोल्यांतल्या गरम हवेच्या जाळ्या बंद केल्या होत्या. त्या उघडल्या. मग मंदारकडे वळल्या.

"आणि तू तो आकडा सारखा वर का चढवतो रे?"

"काकू, पटकन गरम व्हावं म्हणून. येणारी हवा नुसती कोमट आहे ना!"

"कोमटच असते! ते हळूहळू, सतत चालणारं मशीन आहे. एकदम आकडा चढवला की आतला विजेचा हीटर लागतो. म्हणजे चालत्या माणसाला ऑक्सिजन लावण्यासारखं. एकच आकडा ठेव आणि हात खिशात ठेव."

घर चौसष्टवर आलं. मी खूश झाले, काकू नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी युनिटसमोर घडीची खुर्ची टाकली आणि थर्मास घेऊन दीड तास बसल्या. मी खिडकीतून हाका मारल्या, शेवटी आईने जाऊन विनवलं. "वाफ कधी येते ते बघायचंय मला," एवढंच उत्तर. वाफ आली, पण मागच्या बाजूचा बर्फ तसाच राहिला. काकूंनी मान वर केली. छताच्या पन्हळीतून थेंब थेंब पाणी नेमकं युनिटवर पडत होतं आणि गोठत होतं. एक अख्खी बाजू बर्फाने लिंपलेली होती.

मंदार स्क्रूड्रायव्हर घेऊन धावला. "ठेव खाली!" काकू ओरडल्या. "पातळ पत्र्याच्या आत नसा आहेत त्याच्या. एक फुटली तर मग खरंच बदलावं लागेल."

मशीन बंद केलं. कोमट पाण्याच्या बादल्या मी आणल्या, काकूंनी ओतल्या. मंदार शिडीवर चढून पन्हळीतला पानांचा लगदा काढत होता आणि शिडी काकूंनी धरली होती. मी धरते म्हटलं, तर म्हणाल्या, "तू बादल्या आण." संध्याकाळी घर सत्तर झालं. मंदार टी-शर्टवर आला. मी शिरा केला.

आई मात्र अजून कुडकुडतच होती.

"हिला इथल्या थंडीची सवय नाही," असं म्हणून मी थर्मोस्टॅटकडे हात नेला.

"राहू दे ते," काकू म्हणाल्या. आवाज एकदम वेगळा. त्या आईजवळ बसल्या. झोप कशी लागते, केस गळतात का, जिना चढताना दम लागतो का, असं विचारत गेल्या. आईच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. मग मला म्हणाल्या, "उद्या हिचं रक्त तपासायचं."

"काकू, आठवडाभर बघूया ना..."

"आठवडा नाही. उद्या. मीच ड्राइव्ह करते."

आणि नेलंच. रिपोर्ट आला तेव्हा काकू आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी तो दोनदा वाचला. रक्त कमी, थायरॉइड मंद. "गोळ्यांनी बरी होते ही," म्हणाल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग त्या आईलाच सांगायला लागल्या. "आमचे हे तीन वर्षांपूर्वी गेले. त्याआधी यांना अशीच थंडी वाजायची. घर गरम होत नाही म्हणायचे. मी महिनाभर मशीन तपासलं. पुस्तकं आणली, दोन टेक्निशियन बदलले. रोज हे खुर्चीत गुंडाळून बसलेले, आणि मी बाहेर त्या पेटाऱ्याशी. डॉक्टर ना मी!"

आईने हळूच विचारलं, "मग काय निघालं मशीनमध्ये?"

"मशीन ठणठणीत होतं गं माय."

आईने आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावली. काकूंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला, रिपोर्ट जवळ ओढला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला.