अण्णांचा घोडेप्रयोग

आमचे शेजारी रघूअण्णा देवळातल्या तीर्थालाही पुरावा मागत. "सरी, पण पुरावा?" हे त्यांचं पालुपद; 'सरी' म्हणजे कानडीत 'बरं'. मूळचे बेळगावचे, बेंगळूरला सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला. अक्का, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून हे वेड जरा वाढलंच होतं. आमचं जयनगर तेव्हा नुकतं वसत होतं. बसचा भरवसा नसे, म्हणून आम्ही दोघं मुनियप्पाच्या जटक्यातून, म्हणजे इथल्या टांग्यातून, कामावर जायचो.

मुनियप्पाची दोन जनावरं, राजा आणि म्हातारी चिन्नी. चिन्नी पार खंगली होती.

"दसऱ्यापर्यंत अंग धरलं नाही तर विकतो, सार," तो म्हणाला. अशा घोडीला कसलं गिऱ्हाईक मिळतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. शेवटचा उपाय म्हणून त्यानं बाजारातल्या एका बुवाकडून पौष्टिक चूर्ण आणलं होतं.

"सरी, पण पुरावा?" अण्णा जटक्यातून उतरलेच. "नुसतं चिन्नीला देऊन काय कळणार? गुण चूर्णाचा की रोजच्या खुराकातल्या हुलग्यांचा?"

मग ठरलं. चिठ्ठी टाकून एका जनावराला चूर्ण द्यायचं, दुसऱ्याला तसाच रंगवलेला कोंडा. कुणाला काय, ते फक्त मला माहीत. अण्णा दर रविवारी शिंप्याची टेप घेऊन दोघांच्या छातीचा घेर मोजत. राजानं एकदा टेपच चावून टाकली. अण्णा म्हणाले, "भूक वाढली असेल. पण एवढ्यावरून निष्कर्ष नको."

दसऱ्याला राजा होता तसाच होता आणि चिन्नी चांगली भरली होती. मुनियप्पानं चूर्णाच्या डब्याला हात जोडले. तेव्हा मी गुपित फोडलं. चिन्नीला नुसता कोंडाच मिळत होता!

आता अण्णा जटक्यावर चढून भाषण ठोकणार, असं मला वाटलं. ते टेप गुंडाळत राहिले.

"प्रयोग नासलाय," ते म्हणाले. "मी रोज पहाटे येऊन हिला स्वल्प गाजरं चारतो. खरारा करतो."

"अहो, पण का?"

"जाग येते. सवयीनं दोघांची कॉफी करतो. मग घरात थांबवत नाही."

चिन्नीनं त्यांच्या खिशात तोंड खुपसलं.

"मग विकू की नको, सार?" मुनियप्पानं विचारलं.

"विकतोस कसली? प्रयोग पहिल्यापासून करायचा. वर्षभर! या खेपेला गाजरं राजालाही. पहाटे मी येईनच."

"सरी, सार. पण कॉफी आमच्याकडेच घ्यायची. माझी बायको छान करते."

अण्णांनी पुरावा मागितला नाही.