कुलूपसाहेबांचा अर्ज

निवृत्तीनिधी विभागाच्या मुख्य कारकुनांना अख्खं ऑफिस पाठीमागे 'कुलूप' म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. म्हातारपणासाठी साठवलेला पैसा म्हातारपणीच काढावा, हे त्यांचं ठाम मत. मुदतीआधी कुणी पैसे मागितले, की ते अर्जावरचं नाव फूटपट्टीने झाकायचे आणि फक्त कारण वाचायचे. "नाव दिसलं की जीव पाघळतो," म्हणायचे. बावीस वर्षांत तो पाघळलेला कुणी पाहिला नव्हता.

अशा माणसाच्या बाथरूममधला नळ गळायला लागला.

"अहो, प्लंबरला बोलवा," बायको म्हणाली.

"एवढ्याशा वायसरसाठी प्लंबर? मला काय हात नाहीत?" म्हणत साहेबांनी पाना उचलला. वरचा कॉक बंद करायचा असतो, हे त्यांना नळ हातात आल्यावर कळलं. तोवर पाणी खालच्या मजल्यावरच्या मावशींच्या छतातून थेट त्यांच्या नव्या टीव्हीवर पोचलं होतं. मावशी स्वभावाने भल्या, भांडल्या नाहीत. त्यांनी नुसती बिलं आणून दिली, छताचं वेगळं आणि टीव्हीचं वेगळं. प्लंबरनेही आपलं जोडलं. मुलीची कॉलेजची फी नुकतीच भरलेली, त्यामुळे बँकेत खडखडाट.

मावशींना शब्द दिला होता सोमवारचा. अडला हरी म्हणतात ना, तशी गत झाली. फक्त इथे पाय स्वतःचेच धरायचे होते.

मंगळवारी साहेब हाताखालच्या कारकून बाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. "एक फॉर्म द्या. एका ओळखीच्या माणसाला हवाय."

बाईंनी फॉर्म दिला. तासाभराने तो भरून परत आला, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "साहेब, घरच्यांच्या संमतीची सही राहिली."

"कुणी काढला हा नियम?"

"तुम्हीच, साहेब."

घरी साहेबांनी गॅसच्या पावतीखाली सरकवून फॉर्म बायकोपुढे ठेवला. "जरा सही कर. नेहमीचंच आहे."

बायकोने पावती बाजूला केली, चष्मा लावला, फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि एक अक्षर न बोलता सही केली. साहेबांना भरूनच आलं. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, असं त्यांना वाटलं.

अर्जाची पाळी पुढच्या आठवड्यात यायची होती, तेव्हा सोमवारी मावशींची थोडी समजूत काढावी लागणार होती. पण कारकून बाई मायाळू. साहेबांची अडचण ओळखून त्यांनी तो शुक्रवारच्याच गठ्ठ्यात घातला आणि रिवाजाप्रमाणे कारणाचा एका ओळीत गोषवारा टाइप करून वर लावला.

शुक्रवारी साहेब झपाट्याने गठ्ठा उपसत होते. अकरावा अर्ज आला. फूटपट्टी आपसूक नावावर बसली. 'प्लंबरचे पैसे वाचवण्यासाठी स्वतः केलेल्या दुरुस्तीमुळे शेजाऱ्यांचे नुकसान.'

"काय एकेक नमुने असतात," साहेब मोठ्याने म्हणाले. "पैसे वाचवायला गेला आणि घर बुडवून बसला. अशाच्या हातात म्हातारपणाची पुंजी द्यायची? उद्या तीही नळाखाली धरेल." त्यांनी लाल पेनाने 'नामंजूर' लिहिलं, ठसठशीत सही केली आणि शिक्का मारला.

मग फूटपट्टी उचलली.

नामंजूर अर्जदाराने सहा महिने पुन्हा अर्ज करायचा नाही, हा नियमही त्यांचाच होता.

संध्याकाळी ते चपला काढून तसेच खुर्चीत बसले. "अगं, माझा अर्ज फेटाळला गेला."

"कुणी फेटाळला?"

"मी."

बायकोने चहाचा कप पुढे केला. "प्या आधी. मावशींशी आणि प्लंबरशी मी बुधवारीच बोलून ठेवलंय. दोघंही हप्त्याने घेतील."

"म्हणजे? तुला आधीच माहीत होतं? मग सही कशाला केलीस?"

"अहो, बावीस वर्षं तुमची फूटपट्टी ऐकतेय मी. अर्ज पास होईल असं वाटलं असतं, तर सही केली असती का?"

साहेबांनी चहाचा घोट घेतला. लाज वाटत होती, पण खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून टप टप ऐकू आलं आणि त्यांचा हात सवयीने हत्यारांच्या डब्याकडे गेला.

"माझा पाना कुठाय?"

"मावशींकडे. पहिला हप्ता म्हणून त्यांनी तोच मागून घेतला."