कस्तुरबुवांची तान आणि जड डिस्क

एका जंगलात, मुलांनो, कुठलीही वस्तू घ्यायची ती हातात तोलून. जड ती चांगली, हलकी ती फसवी, असा तिथला रिवाज होता. नारळ तसाच घ्यायचे, पातेलं तसंच घ्यायचे आणि जावईही तसाच बघायचे. हसू नका. तुमच्या घरी कलिंगड कसं घेतात ते मला ठाऊक आहे.

त्या जंगलात कस्तुरबुवा नावाचे एक म्हातारे पक्षी गात असत. त्यांच्या घराण्यात एक तान होती. एकदा सुरू झाली की मध्ये श्वास नाही, कुठे खंड नाही. तेच तिचं सगळं मोल. बुवांची शिष्या शामा, चिमणीहून जराशी मोठी पक्षीण, कित्येक वर्षं ती घोटत होती. पण बुवांना आता धाप लागायची.

"एकदाच गाऊ शकेन गं," बुवा म्हणाले. "तेवढी धरून ठेव. नाहीतर माझ्याबरोबर जायची."

शामा तडक अस्वलअण्णांकडे उडाली.

अस्वलअण्णा जंगलाच्या स्टुडिओचे अध्यक्ष होते. स्टुडिओ म्हणजे आतून शेवाळ लावलेली एक गुहा. माइक होते, कॉम्प्युटर होता, उद्घाटनाची पाटी तर दोन भाषांत होती. फक्त आवाज साठवायची डिस्क घ्यायची राहून गेली होती.

अण्णा शामाला घेऊन माकडाच्या दुकानात गेले. माकडाने दोन डिस्क पुढे ठेवल्या. एक विटेएवढी, एक बिस्किटाएवढी. अण्णांनी एका पंजात वीट घेतली, दुसऱ्यात बिस्कीट घेतलं आणि डोळे मिटले.

"ही द्या," त्यांनी वीट वर उचलली.

"अण्णा, गाणं धरायचं तर छोटी घ्या," माकड म्हणालं. "या मोठीत तबकडी फिरते आणि एक सुई इकडून तिकडे पळत लिहिते. गाणं झाल्यावर जपून ठेवायला ती उत्तम. छोटीत फिरणारं काहीच नाही. ती झटपट लिहिते आणि आवाजही करत नाही."

"आत काहीच फिरत नाही? मग तुम्ही विकता काय, डबी?"

"बरं, जडच घ्यायची तर माइक एकच लावा, एका सुईला तेवढंच झेपेल. नाहीतर दोन डिस्क घ्या. एकीवर कॉम्प्युटर चालू द्या, दुसरीवर नुसतं गाणं."

"दोन चुली?" अण्णांचा आवाज चढला. "आमचं एकत्र कुटुंब आहे, शेठ. एका घरात एकच चूल."

"अण्णा, बुवा एकदाच गाणार आहेत हो," शामा काकुळतीला आली. "छोटी घेऊ या ना!"

"पोरी, तू स्वतः एवढीशी. तुला हलकंच आवडायचं."

झालं. वीट आली.

गाण्याच्या दिवशी अण्णांनी होते नव्हते तेवढे माइक लावले. बुवांसमोर एक, झऱ्यासमोर एक, साथीला बसलेल्या प्रत्येक रातकिड्यासमोर एकेक. एक माइक स्वतःसमोरही ठेवला, दाद द्यायला. कॉम्प्युटर त्याच विटेवर चालत होता. ठेका त्याच विटेवरून वाजत होता. आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून उद्घाटनाचे फोटोही अण्णांनी त्याच वेळी तिच्यावर उतरवायला लावले.

बुवांनी डोळे मिटले आणि तान घेतली.

डिस्क घरघरली. मग टक! पडद्यावर अक्षरं उमटली, 'डिस्कला वेळेत लिहिता येत नाही. रेकॉर्डिंग थांबवले आहे.'

अण्णांनी चपळाईने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा घरघर. पुन्हा टक. अण्णांनी पुन्हा दाबलं. बुवा आपल्याच तंद्रीत गात होते, त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना! शामाने पडद्याकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं. थांबवावं तर तान मोडणार, न थांबवावं तर तान जाणार.

तान संपली. बुवा फांदीला टेकले.

"आली का गं सगळी?"

"आली, बुवा," शामा म्हणाली.

बुवा समाधानाने हसले आणि अमावास्येच्या आत गेले. शामा खूप रडली. बुवा गेले म्हणून रडली, आणि त्यांच्याशी खोटं बोलली म्हणूनही रडली.

मग रेकॉर्डिंग जंगलाला ऐकवलं गेलं. तान यायची, टक व्हायचं, सगळं शांत व्हायचं, मग तान कुठूनतरी पुढून सुरू व्हायची. तान असेल तेव्हा मागे घरघर. जंगल थक्क झालं.

"वा!" घुबडमास्तर म्हणाले. जंगलातलं गाणं चांगलं की वाईट, ते तेच ठरवत. "उतारवयात बुवांनी तानेत मौन आणलं. आणि तो टक! काय विरक्ती आहे त्या टकमध्ये!"

"म्हणून तर जड घेतली," अण्णा म्हणाले.

शाळाशाळांतून ती तान शिकवू लागले. सूर, टक, मौन, सूर. मागची घरघर धरायला एक रानडुक्कर पगारावर नेमलं.

वर्षश्राद्धाला बुवांच्या नावाने स्पर्धा भरली. तोवर शामाला ती तान पुरती साधली होती. ती उभी राहिली आणि एका श्वासात, कुठेही न तुटता, गायली. गाताना तिला वाटलं, बुवा शेजारच्या फांदीवर बसलेत. तिला फार बरं वाटलं.

पहिला नंबर बेडकाचा आला. त्याचा टक फार स्वच्छ होता. शामा शेवटची. घुबडमास्तर म्हणाले, "आवाज बरा. मौन नाही, टक नाही. मुलीने मूळ रेकॉर्डिंग ऐकावं."

"अहो, मी समोर बसले होते!" शामा ओरडली. "बुवा असेच गायले होते!"

"पोरी, तुझी आठवण केवढी आणि ही डिस्क केवढी," अण्णा मायेने म्हणाले आणि त्यांनी वीट तिच्या पंखांवर ठेवली. शामा विटेसकट खाली बसली.

"बघ," अण्णा म्हणाले. "आहे की नाही वजन?"

आता शामा झऱ्यावर पिल्लांना शिकवते. परवा एका पिल्लाने विचारलं, "ताई, परीक्षेला कशी गाऊ?"

"परीक्षेला टक घे, बाळा," शामा म्हणाली. "इथे मात्र सरळ गा. पण हळू गा. कुणी ऐकलं तर मार्क जातील."

तात्पर्य: डिस्क नेहमी जडच घ्यावी. हलकीवर गाणं जसंच्या तसं उतरतं, आणि मग घुबडांनी काय करायचं?