मजलाभर उंच खुराडं

पुलांचे नकाशे काढण्यात ज्यांची हयात गेली, त्या इंजिनिअरसाहेबांनी निवृत्तीनंतर परसात खुराडं बांधलं; तेही चांगलं मजलाभर उंच, चार लोखंडी खांबांवर, पुढे ऐसपैस सज्जा काढून. शिडी मुद्दाम ठेवली नाही. शिडी म्हणजे मुंगसाला आमंत्रण. कोंबडीला देवाने पंख कशाला दिलेत?

पहिल्या कोंबड्या त्यांनी रूप बघून आणल्या. गुबगुबीत, लोण्याच्या रंगाच्या. सांज झाली की त्या खांबाशी जमून माना वर करून बघत बसत. मग साहेब शेजाऱ्याची शिडी मागून आणत आणि एकेकीला काखोटीला मारून वर पोचवत.

"स्वतःच्या पोरांना कधी कडेवर घेतलं नाहीत ते," बायको म्हणाली.

"उंची बरोबर आहे. जात चुकली."

"रविवारी सुतार येतोय. तोवर एक जरी कोंबडी आपल्या पायांनी—"

"पंखांनी."

"—वर जाऊन झोपली तर ठीक. नाहीतर खुराडं पाडणार. मला कपडे वाळत घालायला जागा नाही."

गुबगुबीत मंडळी परत गेली. कोंबडीवाल्याने किडकिडीत, लांब तंगड्यांच्या काढून दिल्या. "ह्या उडतात, साहेब. कुठे थांबायचं ते मात्र त्यांचं त्या ठरवतात."

उडाल्या. पहिल्या संध्याकाळी खुराड्याच्या छपरावर बसल्या, आत एकही गेली नाही. दुसऱ्या संध्याकाळी छपरावरून थेट शेजाऱ्याच्या बाल्कनीत.

"आता जात बरोबर आली ना?" बायकोने विचारलं.

"उड्डाण उत्तम आहे. दिशेचं बघतो."

शनिवारी शेजारी आला. "अहो, तुमची कोंबडी माझ्या आरामखुर्चीत अंड्यांवर बसलीये!"

"मग हाकला की!"

"हाकलतोय कसला! आमची ही म्हणते, बाळंतिणीला त्रास द्यायचा नाही. बाल्कनीला कडी घातलीये. मी पेपर कुठे वाचू?"

रविवारी साहेब शेजाऱ्याचीच शिडी लावून मूठभर दाणे घेऊन वर चढले आणि सज्ज्यातून बाल्कनीकडे बघत "या, या" करू लागले. कोंबड्या हलल्या नाहीत. शेजारी मात्र पेपर घेऊन वर आला. वारा छान होता. तासाभरात दोघे पाय खाली सोडून सरकारच्या चुका काढत होते.

सुतार हातोडा घेऊन हजर झाला. बायकोने वर पाहिलं. मग मागे वळून घराकडे पाहिलं. साहेब निवृत्त झाल्यापासून घर इतकं शांत कधी नव्हतं.

"राहू द्या," ती सुताराला म्हणाली. "भाडेकरू मिळालेत."