टमरेलाचा परवाना

"गच्चीवर फिरा म्हटलं ना एकदा! फाटकाच्या बाहेर पाय ठेवाचा नाई," बेबीताई कणीक मळता मळता म्हणाल्या.

"गच्चीवर काय फिरू? चार पावलं टाकली का पाण्याची टाकी येते. मांगं पलटलो का कपड्याईचा तार गळ्याले लागते," शालिकराम सर म्हणाले.

"मंग टाकीभोवती फिरा. देवाभोवती नाई फिरत काय?"

शाळांचे निवृत्त केंद्रप्रमुख असूनही घरात सरांचा शब्द क्वचितच शेवटचा ठरे. नांदगाव खंडेश्वरजवळच्या त्या लहानशा गावात सर रोज सकाळी पांदण रस्त्याने, म्हणजे दोन्हीकडच्या वावरांमधून जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेने, थेट नाल्यापर्यंत फिरायला जात. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं होतं हे खरं. पण साखर नसती तरी सर गेलेच असते. पांदणीतला कडुनिंब, तुरीच्या रिकाम्या वावरात पळणारे तितर आणि तासभर बेबीताईंचा आवाज नाही, हे सुख त्यांना फार प्रिय होतं. लॉकडाऊनने नेमकं तेच बंद पाडलं.

"अवं, रोग गर्दीत होते," सर पुन्हा म्हणाले. "पांदणीत मले कोण भेटते? तितर! तितराले कोरोना होते काय?"

"तितर काई करत नाई. होमगार्ड करते. त्यानं तुमाले चौकात उठाबशा काढाले लावल्या अन् ते बाळापूरले कळलं, तं काय तोंड दाखवसान?"

बाळापूरचं नाव निघालं की सर नरम पडत. त्यांच्या मुलाचं, चंदनचं लग्न तिथल्या आरतीशी ठरत आलं होतं. चंदनची तिशी उलटून गेली होती. आधीच्या मुलींनी कोणी नोकरी पुण्यात आहे म्हणून, तर कोणी घर खेड्यात आहे म्हणून नकार दिला होता. आरतीने मात्र त्याच्या दोन्ही गोष्टी पसंत केल्या होत्या आणि चंदन तर पार हरखून गेला होता. मुलीकडच्यांनी येऊन घर पाहिलं की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, असं ठरलं, आणि तेवढ्यात देशच बंद झाला. त्यात आरतीचे वडील भगवंतराव भारी शिस्तीचे. भाजी पिकवायची आणि गाडी भरून अकोल्याला पोचवायची एवढ्यासाठी ते घराबाहेर पडत. बाकी, "कोणी येऊ नये, बोलावू नये" अशी पाटी त्यांनी स्वतःच्या फाटकावर लावली होती. तिकडे रोग वाढत होता, आणि विनाकारण फिरणारा माणूस म्हणजे दरोडेखोर, असं ते फोनवर दरवेळी सांगत.

तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी सर गुपचूप निघालेच. वेशीजवळ होमगार्ड अंकुर खुर्ची टाकून बसला होता. तो सरांचाच जुना विद्यार्थी.

"सर, कुठी चालले?"

"असाच."

"असाच नाई चालत, सर. वावर असंन तं जा, दवाखाना असंन तं जा."

"वावर यंदा दुसऱ्याले ठोक्यानं देल्लं मी."

"मंग घरी जा."

सर मागे वळणार, तोच शेजारचे नत्थुजी हातात टमरेल घेऊन आले आणि वेस ओलांडून सरळ पांदणीला लागले. अंकुरने त्यांना हटकलं नाही. उलट तो मान वळवून वडाकडे पाहत बसला. आणि सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

त्या भागात हा जुना रिवाज आहे. शौचाला पाण्याचं टमरेल घेऊन निघालेल्या माणसाकडे पाहायचं नाही, त्याला रामराम घालायचा नाही, कुठे चालला हे तर मुळीच विचारायचं नाही. तोही कोणाशी बोलत नाही. गावचा पाटील असो की पाटलाचा वैरी, टमरेल हाती असलं की माणूस अदृश्य होतो. जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश बदलले, संचारबंदी आली, पण हा रिवाज काही कोणी रद्द केला नव्हता.

आता अडचण एवढीच होती की 'घरोघरी शौचालय' म्हणून गावात पोरांची फेरी काढणारे, कोणी उघड्यावर जाताना दिसला तर त्याला भरचौकात भाषण ऐकवणारे हेच ते शालिकराम सर. त्या रात्री त्यांची सदसद्विवेकबुद्धी थोडी कुरकुरली. पण सकाळी कोकीळ ओरडला आणि सरांनी अडगळीतून जुनं टमरेल काढलं.

अंकुरने वडाकडे पाहिलं. सर वेशीबाहेर गेले.

ती सकाळ काय वर्णावी! कडुनिंबाला मोहोर आला होता, सगळी पांदण त्या वासाने भरली होती. सर रिकामं टमरेल हलवत लांब लांब ढांगा टाकत नाल्यापर्यंत गेले, दगडावर बसले, तितरांशी दोन शब्द बोलले आणि परत आले. बेबीताईंना वाटलं, माणूस गच्चीवर टाकीभोवती फिरतोय. शहाणा झाला एकदाचा.

पण सुख एकट्याने भोगलं तरच टिकतं. औषधाच्या दुकानवाल्या शेखरने सरांना एकदा पाहिलं, आणि सरांच्या घरी फरशीचा संडास आहे हे त्याला माहीत असल्याने खरा प्रकार त्याच्या लगेच लक्षात आला. दुसऱ्या दिवशी शेखर निघाला. मग त्याचा भाऊ, मग सोसायटीचे सचिव. पुढच्या आठवड्यात पांदणीत टमरेलवाल्यांची अशी रांग लागली, की अंकुरला वडाकडे पाहून पाहून मान अवघडून आली. रिवाजाप्रमाणे कोणी कोणाशी बोलत नव्हतं, त्यामुळे सामाजिक अंतरही आपोआप पाळलं जात होतं.

हे ग्रामपंचायतीच्या कानावर गेलं. हागणदारीमुक्तीची कमान लावलेल्या गावात अचानक निम्मं गाव बाहेर जाऊ लागलं म्हणजे काय! पंचायतीच्या मनोजने उघड्यावर जाणाऱ्यांना पकडणारं जुनं पथक पुन्हा गोळा केलं. या पथकाची पद्धत अशी, की सापडलेल्या माणसाला शिक्षा करायची नाही. त्याच्या गळ्यात हार घालायचा, हात जोडायचे आणि फोटो काढायचा. शिक्षेपेक्षा ते फार लागतं. तेव्हा देवळं बंद, लग्नं बंद, झेंडू वावरातच सुकत होता. त्यामुळे यंदा हारही भरगच्च होते.

सर नाल्याजवळच्या वळणावर पोचले आणि बाभळीमागून पथक बाहेर आलं. सोबत अंकुर होता.

"सर, तुमी?" मनोजच्या हातातला हार खाली आला. "तुमीच तं आमाले शिकवलं होतं!"

सरांनी एकदा हाराकडे पाहिलं, एकदा अंकुरच्या काठीकडे. फिरायला आलो म्हणावं तर संचारबंदी मोडल्याचा गुन्हा, चौकात उठाबशा, आणि बाळापूरला दरोडेखोर म्हणून नाव. बाहेर बसायला आलो म्हणावं तर नुसता हार. माणूस घाबरला की जवळचं नुकसान निवडतो.

"घरचा जरा बिघडला हाय," सर पुटपुटले.

"अस्सं काय! मंग सांगाचं ना सर आमाले," मनोज कळवळून म्हणाला, आणि त्याने हार घातला.

फोटो फार स्पष्ट आला. गळ्यात झेंडू, हातात टमरेल, मागे नाला. गावच्या ग्रुपवर टाकताना खाली मनोजने आदराने लिहिलं, 'मा. निवृत्त केंद्रप्रमुख यांच्या घरचे शौचालय नादुरुस्त. ग्रामपंचायत मदत करणार.' चहा उकळायच्या आत तो फोटो गावभर झाला आणि चहा गाळेपर्यंत बाळापूरला पोचला.

अंगणात चंदनचा फोन वाजला. गावात मोबाइलला रेंज फक्त अंगणात येई, म्हणून लॉकडाऊनमुळे पुण्याहून घरी आलेला चंदन निंबाखाली लॅपटॉप मांडूनच ऑफिसचं काम करायचा. फोनवर आरतीची आई, सरांच्या होणाऱ्या विहीणबाई, दुर्गाबाई होत्या. त्यांनी सरांनाच फोनवर बोलावलं.

"सर, राग नोका मानू," त्या म्हणाल्या. "पण आमच्या पोरीले उघड्यावर जाची सवय नाई."

"ईनबाई, आमच्या घरी एक नाई, दोन संडास हायेत!"

"मंग तुमी फोटोत काय करून राहिले?"

सरांनी बेबीताईंकडे पाहिलं. बेबीताई लाटणं घेऊन उभ्या होत्या. सरांना खरं बोलण्याची ही वेळ बरोबर वाटली नाही.

"थांबा, दाखवतोच तुमाले," असं म्हणून त्यांनी व्हिडिओ सुरू केला. घरातला संडास चांगला फरशीचा होता, पण तिथे रेंज जात नव्हती. मग अंगणातला, योजनेत बांधलेला दाखवू, असं ठरवून सरांनी उत्साहाने त्याचं दार उघडलं. लॉकडाऊन लागल्याबरोबर बेबीताईंनी त्यात कांदे भरून ठेवले होते. वर लसणाच्या जुड्या टांगल्या होत्या.

"माय व! संडासात कांदे!" दुर्गाबाईंचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

चंदनने फोन सरांच्या हातातून काढून घेतला. मग म्हणाला, "बाबा, येवढ्या मुश्किलीनं जमलं होतं. माह्यं लग्न तुमी टमरेलात बुडवलं." आणि तो लॅपटॉप मिटून निंबाखाली तसाच बसून राहिला. दुपारी तो जेवायलाही उठला नाही, हे सरांना सहन होईना.

संध्याकाळी बाळापूरहून निरोप आला, 'घर पाहाले येऊन राहिलो. त्याच्याशिवाय पुढची बोलणी नाई.'

दोन दिवसांनी भगवंतरावांची भाजीची गाडी दारात येऊन थांबली. काचेवर 'अत्यावश्यक सेवा' असा मोठा कागद. पुढे भगवंतराव गाडी चालवत, शेजारी दुर्गाबाई आणि आरती, तिघांच्याही तोंडाला रुमाल. परजिल्ह्यातली गाडी म्हणून अंकुर मागोमाग आलाच.

दुर्गाबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. त्या तडक आतल्या संडासात गेल्या, नळ सोडून पाहिला, फरशीवर हात फिरवला, कडी लावून काढून पाहिली आणि बाहेर आल्या.

"चांगला हाय. मंग मले एक सांगा सर, बिघडलं काय होतं?"

सगळे सरांकडे पाहू लागले. दारात अंकुर उभा होता, शेजारी बेबीताई आणि समोर शिस्तीचे भगवंतराव. खरं सांगितलं तर गुन्हा, नाही सांगितलं तर पोराचं लग्न. सरांनी चंदनकडे पाहिलं. तो खाली मान घालून उभा होता.

"काहीच बिघडलं नोतं," सर म्हणाले. "मी फिराले जात होतो. टमरेल रिकामंच राहे. घरात बसून जीव घुसमटे माहा. अंकुर, तुले जो गुन्हा लावाचा तो लाव. पण पोट्ट्याचं याच्यात काई नाई, इवाई," ते होणाऱ्या व्याह्यांना म्हणाले.

बेबीताई गच्चीच्या जिन्याकडे पाहू लागल्या.

अंकुर पेचात पडला. गुरुजींवर गुन्हा लावणं त्याच्या जिवावर आलं होतं. काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून तो म्हणाला, "सर, तुमचं मांगून पाहू. पहिले या गाडीतली भाजी पाहू द्या मले."

"भाजी काय पाहाची?" भगवंतराव घाईघाईने म्हणाले. "भाजीसारखी भाजी."

अंकुर मागे चढला. गाडीत एका टोपल्यात थोडी वांगी होती. बाकी एक सतरंजी, पाण्याची कॅन, ठेच्याचा डबा, भाकरींचं गाठोडं आणि वाटेत पाडलेल्या कैऱ्या.

"हे काय हाय, काका?"

भगवंतरावांनी रुमाल खाली ओढला. "आता काय सांगू बाप्पा! मी तं निदान अकोल्यापर्यंत जाऊन येतो. पण या दोघी घरात बसून बसून माह्या अंगावर येऊन राहिल्या होत्या."

"सर, केंद्रप्रमुखाच्या घरी संडास नसंन काय?" दुर्गाबाईंना हसू आवरेना. "येवढं आमाले समजत नाई? पण तुमचा फोटो आला, अन् मी म्हटलं, भेटलं बाहेर निघाचं कारण! मूर्तिजापूरच्या पुढं आमी निंबाखाली बसून भाकरी खाल्ली. लय बरं वाटलं."

"अन् माह्या पोट्ट्यानं दोन दिवस जेवण सोडलं!" बेबीताई उसळून म्हणाल्या.

"मामाजी, राग नोका मानू," आरती म्हणाली. "मले तं हे घर पहिल्यापासूनच पसंत हाय." ती बोलली सरांशी, पण पाहत होती चंदनकडे. चंदनच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून सरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. लॉकडाऊन उठला की साक्षगंध, असं दारातच ठरलं. अंकुरने गुन्ह्याचा विषय तिथेच मिटवला आणि गाडी ताबडतोब परत न्यायला सांगितली, तशी पाहुणे मंडळी गाडीत बसली.

बेबीताई मात्र गाडीकडे पाहत होत्या.

"ईनबाई, कडुनिंब फुलला काय हो रस्त्यानं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमी पाहिला नाई?"

"मी कुठी पाहू? होळीपासून फाटकाच्या बाहेर गेली नाई मी." आणि कोणाला काही कळायच्या आत त्या पदर खोचून गाडीत दुर्गाबाईंशेजारी जाऊन बसल्या. "इवाई, नाल्यापर्यंत एक चक्कर मारून आणा मले."

"काकू, भाजीच्या गाडीत नुसतं बसून चालत नाई," अंकुर म्हणाला.

बेबीताईंनी मागून वांग्यांचं टोपलं मागवून मांडीवर घेतलं. "आता?"

अंकुर बाजूला झाला. आरती खाली उतरली होती. तुमचे कांदे निवडून देते म्हणाली, आणि चंदन अंगणातल्या त्या दाराकडे तिच्यापेक्षा आधी जाऊन पोचला. मोकळी जागा पाहून सर लगबगीने गाडीजवळ आले.

"सरक, मी बी येतो."

"तुमी नोका येऊ," बेबीताई म्हणाल्या. "तुमी बाहेर दिसले का लोकं हार घेऊन येतीन."

गाडी धुरळा उडवत पांदणीला लागली.