वामनभाऊंची पाण्यातली वाडी

शेजारच्या वामनभाऊंच्या फिशटँकमधले मासे कोणी बघितलेले त्यांना खपत नसे. पाहुणा काचेपाशी वाकला की ते म्हणत, "मासे काय बघता? ते गडीमानसं. खत घालायला ठेवलेत. पात बघा, पात!" पात म्हणजे वाळूत लावलेली, कांद्याच्या पातीसारख्या लांब पानांची रोपं.

भाऊ आगाशी गावचे. जन्म पानवेलींच्या वाडीत गेलेला. त्यांच्या बायकोचा, मालतीकाकींचा, उजवा हात अर्धांगवायूने गेला, तेव्हा दवाखाना जवळ हवा म्हणून वाडी विकून दोघं एव्हरशाईन सिटीत, आमच्या इमारतीत राहायला आली. बोटं हलत राहिली तरच हात परत येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू काकींनी तिसऱ्याच दिवशी डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय खेळनारं पोर हाय?"

भाऊंचं सगळं चित्त टँकमध्ये. एकदा पात पिवळी पडली, तर त्यांनी वाडीतल्या सवयीने वाळूखाली मूठभर एरंडीची पेंड पुरली. दोन दिवसांत पाणी दुधाळ, वास जिन्यापर्यंत, आणि गडीमाणसं उलटी तरंगताहेत! "पेंडीशिवाय पीक येतं काय कुठं?" भाऊ वर आम्हालाच विचारत होते.

बायको अंथरुणाला आणि हा माणूस गवताशी खेळतोय, असं मी घरी बोलूनही दाखवलं होतं. त्याची आज लाज वाटते.

मजल्यावर फोन तेवढा आमच्याकडे होता. एका दुपारी त्यांच्या मुलाचा निरोप सांगायला गेलो. काकी टँकशेजारी खुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. भाऊंनी मागून कोपर धरलं होतं.

"दाब, माले. मुळं वाळूत, गाभा वर."

रोप तीनदा सुटून वर आलं. चौथ्यांदा काकींचं बोट वाकलं, वाळूत रुतलं, आणि रोप उभं राहिलं. त्या माझ्याकडे बघून वाकड्या ओठांनी हसल्या. "लागली बघ." मी निरोप सांगून तिथेच थांबलो.

काकींना निजवून, त्यांचा डोळा लागल्यावर भाऊ परत टँकपाशी आले. बाही सारून त्यांनी तेच रोप मुळासकट अलगद उपटलं आणि वाडग्यातल्या पाण्यात ठेवलं.

"अहो भाऊ! लागलं होतं ना ते!"

"हळू बोला," ते म्हणाले. "उद्या मग ती काय लावनार?"