कडकसाहेबांची पलटण

“अख्खं ऑफिस वठणीवर आणलंय मी! ही बोटभर माणसं काय चीज आहेत?” असं म्हणून कडकसाहेबांनी कॉम्प्युटरपुढची खुर्ची ओढली आणि त्यांच्या सुनेनं नाइलाजानं माऊस त्यांच्या हाती दिला.

कडकसाहेब हे नाव त्यांना ऑफिसातल्या कारकुनांनी ठेवलेलं. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यावर रागवायला कुणी उरलं नव्हतं. बायकोवर आवाज चढवून पाहिला, तर ती सरळ मिक्सर सुरू करायची! मग त्यांचं लक्ष सुनेच्या खेळाकडे गेलं. जुन्या काळातली लढाई, हजारो सैनिक, आणि सगळे हुकमाचे ताबेदार. निवृत्त माणसाला आणखी काय हवं?

“बाबा, शिकवू का?” असं सूनच एकदा बोलून गेली आणि फसली.

शिकवणी सुरू झाली. माऊसनं चौकट ओढली की तुकडी निवडली जाते. उजवं बटण एकदा दाबलं की ती चालते, दोनदा दाबलं की पळते. आकड्यांच्या बटणांपैकी एक म्हणजे भालेवाले, दोन म्हणजे तिरंदाज, तीन म्हणजे घोडदळ.

“आणि उजवं बटण दाबून ओढलं की रांग लागते. पण डावीकडून उजवीकडे ओढायचं हं बाबा. उलटं ओढलं तर शत्रूकडे पाठ करून उभे राहतात.”

“इतके मूर्ख?”

“मूर्ख नाहीत, आज्ञाधारक आहेत.”

“मग माझं नक्की जमेल!”

पहिल्या दिवशी त्यांचं घोडदळ नदीत जाऊन उभं राहिलं ते संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी भालेवाले नकाशाच्या कडेवरून बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. “बेशिस्त! माझ्या हाताखाली असते तर मेमो दिला असता,” साहेब म्हणाले. ते त्यांच्याच हाताखाली होते हे सांगायचा धीर सुनेला झाला नाही.

अशात तो रविवार उजाडला. सुनेची नोकरी नवी होती, कायम व्हायची होती. तिच्या ऑफिसची दुसऱ्या शाखेशी या खेळात लढत ठरली होती आणि तिच्या जोडीला होते खुद्द तिचे साहेब, आपल्या घरून खेळणारे. लढाईला तोंड लागतंय तोच दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे शेजारी. “तुमची गाडी आमच्या गाडीपुढं आहे हो! आम्हाला लग्नाला जायचंय!”

नवरा बाहेरगावी. सून चावी शोधत ओरडली, “बाबा, जरा बसा इथं! कशालाही हात लावू नका. फक्त तिरंदाज टेकडीवर राहू द्या!”

गाडी चटकन सुरू होईल असं तिला वाटलं होतं. बॅटरी उतरली होती.

इकडे कडकसाहेबांनी हेडफोन चढवला. ढोल-ताशांशिवाय लढाई कसली! पाहतात तर तिरंदाजांची रांग वाकडी. वाकडी रांग त्यांना जन्मात खपली नव्हती. त्यांनी बटण दाबून झोकात रांग ओढली, अर्थातच उजवीकडून डावीकडे. सगळे तिरंदाज वळले आणि शत्रूकडे पाठ करून शिस्तीत उभे राहिले.

“टेकडीवर काय चाललंय?” कानात एक पुरुषी आवाज आला.

आता बोलणारा सैनिकही ठेवलाय खेळात! साहेब खूश झाले. “तू कोण?”

आवाज जरा चाचरला. “मी... डावीकडच्या जंगलात. घोडदळ घेऊन.”

“मग तिथंच थांब! सांगितल्याशिवाय हलायचं नाही!”

“पण शत्रू पुढं येतोय—”

“मला दिसतंय! मध्ये मध्ये बोलायचं नाही!”

आवाज गप्प झाला. कडकसाहेबांना कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात शत्रू जवळ आला आणि तिरंदाज आपले आपणच मागे पळाले. साहेबांनी त्यांना पुढं आणलं, ते पुन्हा पळाले. “पळपुटे!” असं ओरडत त्यांनी दिसेल तेवढ्या सगळ्यांवरून चौकट ओढली आणि रागारागानं उजवं बटण दोनदा दाबलं. तिरंदाज, भालेवाले, घोडे आणि सेनापती, अख्खी पलटण टेकडीवरून धडधडत खाली सुटली. सेनापती सर्वांत पुढं होता. तो सर्वांत आधी गेला.

मग प्रत्येक तुकडीवर पांढरा झेंडा फडकू लागला.

“वा! आता कशी एकजूट दिसते!” साहेब म्हणाले. पण पांढरे झेंडेवाले उलट दिशेनं धूम पळत होते आणि शत्रूची सारी फौज त्यांच्या मागे टेकडी चढत होती.

“साहेब, आता हलू का?” कानात आवाज आला.

कडकसाहेबांचा जीव वैतागून गेला होता. “हल! जा! जिथं जायचंय तिथं जा!”

आणि जंगलातून घोडदळ उसळलं! टेकडी चढून दमलेल्या शत्रूवर ते मागून असं कोसळलं की समोरच्यांना वळायलाही वेळ मिळाला नाही.

सून धापा टाकत आत आली तेव्हा सासरेबुवा हात उंचावून ओरडत होते, “शाब्बास! डोकं आहे तुला! उगाच घाबरट वाटलास!”

“बाबा, कुणाशी बोलताय?”

“हा खेळातला माणूस गं. फार छान बनवलाय. रागावलं की गप्प बसतो!”

सुनेनं झटकन स्क्रीनकडे पाहिलं. “बाबा, खेळात बोलणारा माणूस नाहीये. ते माझे साहेब आहेत.”

कानात गांधीलमाशी शिरावी तसा कडकसाहेबांनी हेडफोन काढून टाकला. सुनेनं तो कानाला लावला. “सर... मी खाली... ते माझे सासरे...”



“मला वाटलं, तुम्ही कुणी मोठा खेळाडू बसवलाय,” तिचे साहेब म्हणाले. “शाळा सुटल्यापासून मला कुणी एवढं झापलं नव्हतं. पण स्वतःची अख्खी फौज आमिष म्हणून फेकायची? काय छाती आहे! पुढच्या रविवारी त्यांनाच बसवा.”

“हो सर.”

“फक्त बोलायला हं. माऊस त्यांच्या हाती देऊ नका.”

सुनेनं चाचरत निरोप सांगितला. कडकसाहेबांनी चष्मा पुसला, दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाले, “चालेल. ऑफिसातही मी नुसता बोलायचोच. कामं कारकून करायचे.”